आधी नियम, मग मोकळीक: न्यूझीलंडच्या प्रशासकीय सुधारणा आणि विकसनशील देश

सरकारी खात्याचा कारभार सुधारायचा तर खात्याच्या प्रमुखाला किती मोकळीक द्यावी आणि त्या मोकळिकीचा हिशेब त्याच्याकडून कसा घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक सरकारला केव्हा ना केव्हा पडतो. त्याचे सर्वांत धाडसी उत्तर न्यूझीलंड या छोट्या देशाने 1984 ते 1994 या दहा वर्षांत दिले. पुढे आंतरराष्ट्रीय बँका आणि सल्लागार यांच्यामार्फत ते उत्तर आशिया-आफ्रिकेतील अनेक गरीब देशांपर्यंत पोहोचले, पण तिथे ते फारसे रुजले नाही. ते का रुजले नाही, हे या लेखात समजून घ्यायचे आहे.

सुरुवातीलाच एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. ‘सार्वजनिक क्षेत्र’ म्हटले की आपल्यासमोर भेल, स्टेट बँक किंवा एसटी महामंडळ येते. प्रशासनाच्या अभ्यासात मात्र हा शब्द अधिक व्यापक अर्थाने वापरतात. मंत्रालये, खाती, सरकारी शाळा, दवाखाने, पोलीस ठाणी, तहसील कचेऱ्या आणि सरकारी मालकीच्या कंपन्या, म्हणजे जनतेच्या पैशावर चालणारी सगळी यंत्रणा त्यात येते. सुधारणा म्हणताना मी याच सगळ्या यंत्रणेविषयी बोलत आहे.

1984 पूर्वीचे न्यूझीलंडचे प्रशासन आपल्याला ओळखीचे वाटेल असेच होते. खात्यात पदे किती, कोणत्या वेतनश्रेणीची, बढती कोणाला, हे राज्य सेवा आयोग ठरवीत असे, आणि खर्चाच्या प्रत्येक बाबीवर अर्थखात्याची नजर असे. अंदाजपत्रकात वेतन, प्रवास, इंधन, छपाई अशी लेखाशीर्षे असत आणि एका शीर्षातील पैसा दुसऱ्यात वळवायचा तर वरून मंजुरी लागे. म्हणजे ‘पैसा कशावर खर्च झाला’ याचा हिशेब चोख होता, परंतु त्या खर्चातून लोकांच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची सोय त्या हिशेबात नव्हती. शिवाय सरकार स्वतः टपाल, दूरध्वनी, वीज, कोळसा, जंगले आणि विमान कंपनी असे सगळेच उद्योग चालवीत होते. पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी 1982 मध्ये किमती आणि वेतने गोठवली होती, कर्ज वाढत होते, आणि जुलै 1984 मधील निवडणुकीच्या सुमारास परकीय चलनाचे संकट ओढवले. नव्याने निवडून आलेल्या डेव्हिड लाँगी यांच्या मजूर पक्षाच्या सल्ल्यानुसार निवडणुकीनंतर पहिल्याच आठवड्यात चलनाचे 20 टक्के अवमूल्यन करावे लागले. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी त्या संकटाचा उपयोग करून घेऊन एकामागून एक बदल इतक्या वेगाने केले की विरोधकांना एका बदलावर एकत्र येईपर्यंत पुढचा बदल झालेला असे.

या बदलांचे तीन टप्पे होते. पहिला टप्पा 1986 च्या सरकारी उद्योग कायद्याचा. सरकार जे धंदे करते ते खात्यातून बाहेर काढून त्यांच्या कंपन्या करायच्या, संचालक मंडळ नेमायचे आणि खासगी कंपनीप्रमाणे नफा मिळवायला सांगायचे. 1 एप्रिल 1987 रोजी अशा नऊ कंपन्या सुरू झाल्या. जुन्या टपाल खात्याचे टपाल, दूरध्वनी आणि बँक असे तीन भाग पडले. परिणाम तात्काळ दिसले आणि त्यांतील काही फार कठोर होते. फेब्रुवारी 1988 मध्ये एकाच दिवशी 432 टपाल कार्यालये बंद झाली. ज्या लहान गावात टपाल कार्यालय हीच सरकारची एकमेव खूण होती, तिथे हा घाव खोल गेला. पुढे यांपैकी काही कंपन्या विकल्या गेल्या. रेल्वेही 1993 मध्ये विकली आणि 2008 मध्ये सरकारनेच परत विकत घेतली. खासगीकरणाचा हा विषय मोठा आहे, पण विकसनशील देशांसाठी खरा धडा पुढच्या दोन टप्प्यांत आहे, म्हणून त्यांच्याकडे वळतो.

दुसरा टप्पा 1988 च्या राज्य क्षेत्र कायद्याचा. आजवर खात्याचा प्रमुख कायमस्वरूपी अधिकारी असे आणि तो निवृत्तीपर्यंत त्या खुर्चीत राहू शके. आता त्याच्या जागी ‘मुख्य कार्यकारी’ आला, त्याची नेमणूक जास्तीत जास्त पाच वर्षांच्या करारावर होऊ लागली, आणि खात्यात माणसे किती घ्यायची, कोणाला काय पगार द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आला.

तिसरा टप्पा 1989 च्या सार्वजनिक वित्त कायद्याचा, आणि माझ्या मते सगळ्या रचनेचा गाभा हाच आहे. या कायद्याने संसदेने खात्यांना पैसा देताना ‘वेतनासाठी इतके, इंधनासाठी इतके’ असे सांगणे बंद झाले. त्याऐवजी ‘इतक्या पैशात इतकी सेवा’ असा व्यवहार सुरू झाला. इथे दोन कल्पना नीट वेगळ्या करायला हव्यात. पोलीस खाते गस्त घालते, गुन्ह्यांचा तपास करते, न्यायालयात कागदपत्रे सादर करते. ही त्या खात्याची प्रत्यक्ष कामे, ज्यांना ‘उत्पाद’ म्हणू. गुन्हे कमी होणे, लोकांना रात्री निर्धास्तपणे फिरता येणे, हा त्या कामांचा समाजावरचा ‘परिणाम’. परिणाम पोलिसांच्या एकट्याच्या हातात नसतो. बेकारी, दारू, शाळा, पीकपाणी अशा कितीतरी गोष्टींवर तो अवलंबून असतो. म्हणून न्यूझीलंडने ठरवले की मुख्य कार्यकाऱ्याने उत्पादांची जबाबदारी घ्यावी, आणि कोणते उत्पाद विकत घेतले म्हणजे हवा तो परिणाम साधेल, हे ठरवण्याची जबाबदारी मंत्र्याने घ्यावी. मंत्री जणू ग्राहक आणि खाते जणू विक्रेता, अशा नात्याने दोघांत दरवर्षी लेखी करार होऊ लागला.

त्याच कायद्याने हिशेबाची पद्धतही बदलली. सरकारे सहसा रोख पद्धतीने हिशेब ठेवतात, म्हणजे तिजोरीतून पैसा गेला त्या दिवशी खर्च झाला असे धरतात. इमारत दरवर्षी झिजते, निवृत्तिवेतनाचे ओझे साठत जाते, खात्याची मोक्याची जमीन पडीक राहते, यांची नोंद त्यात होत नाही. न्यूझीलंडने कंपन्यांप्रमाणे उपार्जित पद्धत स्वीकारली, जिच्यात घसारा, देणी आणि मालमत्ता ही सगळी वहीवर येतात. इतकेच नव्हे, तर 1991 पासून प्रत्येक खात्याला आपण अडकवून ठेवलेल्या भांडवलावर अर्थखात्याला आकार भरावा लागू लागला, त्यामुळे विनावापर इमारती आणि जागा धरून ठेवणे खात्यांना परवडेनासे झाले.

फळे मिळाली हे मान्य केले पाहिजे. 1987 मध्ये 18 टक्क्यांच्या वर गेलेली महागाई 1991 च्या अखेरीस 2 टक्क्यांच्या खाली आली. यात 1989 च्या रिझर्व्ह बँक कायद्याचा मोठा वाटा होता. दीर्घकाळ तुटीत असलेले अंदाजपत्रक 1993-94 मध्ये शिलकीत गेले. त्याच काळात बेकारी 10 टक्क्यांच्या वर चढली होती, हेही त्याच दमात सांगायला हवे. दोन्ही मोठ्या पक्षांनी जनतेला पुरेसे न विचारता हे सगळे रेटले, असा राग मतदारांच्या मनात साठला आणि 1993 च्या सार्वमतात त्यांनी निवडणुकीची पद्धतच बदलून टाकली.

या रचनेतील एक दुखरी जागा 28 एप्रिल 1995 रोजी उघडी पडली. दक्षिण बेटावरील पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक येथे दरीच्या काठावर संवर्धन खात्याने बांधलेला लाकडी मंच कोसळला आणि एका पॉलिटेक्निकचे 13 विद्यार्थी आणि खात्याचा एक अधिकारी असे 14 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत जे समोर आले ते वाचताना आजही मन विषण्ण होते. मंचाचा आराखडा कोणा पात्र अभियंत्याने केलेला नव्हता, बांधकामाचा परवाना नव्हता, आणि जिथे बोल्ट हवे होते तिथे खिळे मारलेले होते. खात्याला अपुरा पैसा देऊन त्याच्यावर जास्त कामे लादली गेली होती आणि व्यवस्थाच निकृष्ट होती, असा चौकशी आयोगाचा रोख होता. मग जबाबदार कोण? कराराच्या भाषेत मंत्री म्हणू शकतो की मी सेवा विकत घेतली, ती पुरवणे मुख्य कार्यकाऱ्याचे काम. मुख्य कार्यकारी म्हणू शकतो की दिलेल्या पैशात ठरलेले काम मी केले. संबंधित मंत्र्याने राजीनामा दिला तो एका वर्षाहून अधिक काळाने, आणि सरकारी खात्यावर फौजदारी खटला भरता येईल अशी तरतूद व्हायला 2002 साल उजाडावे लागले. करारात लिहिलेले असते तेवढेच काम खात्याचे, ही वृत्ती किती घातक ठरू शकते, हे त्या दरीत दिसले. न्यूझीलंडनेही पुढे खात्यांमधील तुटलेपणा कमी करण्यासाठी वारंवार डागडुजी केली आणि 2020 मध्ये 1988 च्या कायद्याच्या जागी नवा लोकसेवा कायदा आणला.

आता दुसऱ्या देशाकडे वळू. 1990 च्या सुमारास मंगोलिया साम्यवादी राजवटीतून बाहेर पडला. अफाट भूमी, जेमतेम 22 लाखांच्या आसपासची लोकसंख्या, सोव्हिएत मदत एकाएकी बंद झालेली आणि अंदाजपत्रक कोलमडलेले. अशा वेळी आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने त्या देशाने न्यूझीलंडचा नमुना जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि 2002 मध्ये तेथील संसदेने सार्वजनिक क्षेत्र व्यवस्थापन आणि वित्त कायदा संमत केला. मंत्री आणि अधिकारी यांच्यात करार, उत्पादांवर आधारित अंदाजपत्रक, कामगिरीचे मूल्यमापन, उपार्जित हिशेब असे सगळे त्यात होते.

करार झाले, त्यांच्या फायली भरल्या, वर्षअखेरीस अहवालही लिहिले गेले. परंतु उत्पादाची किंमत ठरवायला लागणारी माहिती खात्यांकडे नव्हती, त्यामुळे गेल्या वर्षीचे आकडे थोडे फिरवून नव्या तक्त्यात बसवले जात. करार मोडला म्हणून कारवाई होणे किंवा पाळला म्हणून फायदा होणे क्वचितच घडे. निवडणुकीनंतर सरकार बदलले की मोठ्या संख्येने अधिकारी बदलले जात, मग ज्याने करारावर सही केली तो माणूसच वर्षअखेरीस खुर्चीत नसे. शेवटी 2011 मध्ये एकात्मिक अंदाजपत्रक कायदा करून मंगोलियाने त्या वाटेवरून पाऊल मागे घेतले. त्या सगळ्या खटाटोपातून एक साधी गोष्ट मात्र टिकली. निरनिराळ्या खात्यांचे बँकांत विखुरलेले पैसे कोषागाराच्या एकाच मध्यवर्ती खात्यात आणले गेले, त्यामुळे सरकारकडे आज किती रोकड आहे हे अर्थखात्याला कळू लागले आणि थकबाकीला आळा बसला.

न्यूझीलंडच्या सुधारणांचे 1996 मध्ये मूल्यमापन करणारे अमेरिकी अभ्यासक ॲलन शिक यांनी दोन वर्षांनी स्पष्टपणे लिहिले की बहुतेक विकसनशील देशांनी हा मार्ग धरू नये. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आपल्या अनुभवाशी इतका जुळतो की तो समजायला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही. अनेक गरीब देशांत दोन राज्यकारभार एकाच वेळी चालू असतात, एक कागदावरचा आणि एक प्रत्यक्षातला. कागदावर भरती गुणवत्तेवर होते, प्रत्यक्षात ओळखीवर. कागदावर अंदाजपत्रक संसद ठरवते, प्रत्यक्षात वर्षभर रोकड असेल तसा पैसा सुटतो आणि ज्याचे वजन जास्त त्याचे बिल आधी निघते. अशा ठिकाणी कराराला अर्थ उरत नाही, कारण करार हा कागदावरच्या कारभाराचा भाग असतो आणि निर्णय दुसऱ्या कारभारात होतात. ज्या अधिकाऱ्याने दिलेल्या लेखाशीर्षाप्रमाणे पैसा खर्च करण्याची शिस्त अजून अंगी बाणवलेली नाही, त्याला लेखाशीर्षेच काढून मोकळा हात दिला, तर तो हात कुठे जाईल हे सांगायला नको.

न्यूझीलंडच्या यशाची गोष्ट सांगताना 1984 पासून सुरुवात करतात, ती खरे तर 1912 पासून करायला हवी. त्या वर्षीच्या लोकसेवा कायद्याने नोकऱ्यांतली मंत्र्यांची वशिलेबाजी मोडून गुणवत्तेवर भरती होणारी तटस्थ सेवा उभी केली. 1962 मध्ये तिथे नागरिकांच्या तक्रारींसाठी लोकपाल आला, 1982 मध्ये शासकीय माहितीचा कायदा आला. म्हणजे पाऊण शतक ज्या नोकरवर्गाने नियम पाळले, ज्याचे हिशेब वेळेवर तपासले गेले, त्याच्यावर 1988 मध्ये विश्वास टाकला गेला. त्या काळात जे नियम जाचक वाटू लागले होते, त्यांनीच तो विश्वास कमावून दिला होता. सल्लागारांनी गरीब देशांना 1988 चा कायदा नेऊन दिला. त्याआधीची 76 वर्षे नेऊन देणे कोणालाच शक्य नव्हते.

मूलभूत शिस्तीतून काय साधते, याचे उदाहरण युगांडाने दिले. तेथील 250 प्राथमिक शाळांच्या पाहणीत असे आढळले की 1991 ते 1995 या काळात केंद्र सरकार शाळांना विद्यार्थिसंख्येनुसार जे अनुदान पाठवीत होते, त्यातील सरासरी अवघे 13 टक्के शाळेपर्यंत पोहोचत होते. उरलेले वाटेत जिल्हा पातळीवर जिरत होते. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या फलकावरही ती रक्कम लावायला सांगितली. पुढच्या पाहण्यांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले. सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देणे बरोबर नाही, कारण त्याच सुमारास अनुदान वाटपाची पद्धत आणि देखरेखही सुधारली होती. पण या उपायांत कुठेही करार, उत्पाद किंवा मुख्य कार्यकारी नव्हता. किती पैसा निघाला आणि किती पोहोचला, एवढेच उघडपणे मोजले गेले.

आपल्या महाराष्ट्रातही अशाच जमिनीवरच्या सुधारणेचे एक उदाहरण आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीची बैठकव्यवस्था, कागदांची मांडणी आणि लोकांना उत्तर देण्याची पद्धत बदलली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो राज्यभर ओळखला गेला. सरकारी कचेरीत काम केलेल्याला ‘सहा गठ्ठे’ माहीत असतात: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे (ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. परंतु कोणत्या टेबलावर किती प्रकरणे किती दिवसांपासून पडून आहेत, हे कळल्याशिवाय कामगिरी मोजण्याची भाषा पोकळ असते, आणि ते कळण्याची सोय या गठ्ठ्यांत आहे. जिथे अधिकाऱ्याने लक्ष घातले तिथे ही पद्धत टिकली. जिथे अधिकारी बदलला आणि नव्याला रस नव्हता, तिथे पुन्हा सगळे कागद एकाच कपाटात गेले.

बदलीचा प्रश्न म्हणूनच मला कराराच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. 2005 च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आणि फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये असे बंधन घातले. त्याच कायद्यात अपवादात्मक परिस्थितीत, विशेष कारणे नोंदवून, मुदतपूर्व बदली करण्याची वाट आहे, आणि त्या वाटेवरची भांडणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात सतत जात असतात. जिथे तीन वर्षांचीही खात्री नाही, तिथे पाच वर्षांच्या कामगिरीचा करार कोण कोणाशी करणार? केंद्र सरकारनेही 2009 मध्ये मंत्रालयांच्या सचिवांसाठी लक्ष्ये आणि गुण यांची एक पद्धत आणली होती. लक्ष्यांचा मसुदा खात्यांनीच करायचा होता आणि कमी गुण मिळाल्याने फारसे काही बिघडत नव्हते, त्यामुळे 2014 नंतर ती मागे पडली तेव्हा कोणाला चुकचुकल्यासारखेही झाले नाही. त्या मानाने महाराष्ट्राचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा मला अधिक आशादायक वाटतो. कोणता दाखला कोणत्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने किती दिवसांत द्यायचा हे त्यात जाहीर करावे लागते, खात्यातच दोन अपिलांची सोय आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे हिशेब मागणारा मंत्री नसून खिडकीपुढे उभा असलेला माणूस आहे, आणि त्याला हवी असलेली गोष्ट मोजायला सोपी आहे.

मग विकसनशील देशाने न्यूझीलंडकडून काहीच घेऊ नये का? घ्यावे, पण क्रमाने. नोकरवर्ग किती आहे आणि त्यांतील खरी माणसे किती, हे हजेरी आणि वेतनपटावरून आधी ठरवावे. त्यांना पगार वेळेवर आणि पोट भरेल इतका द्यावा, कारण उपाशी कारकुनाकडून सचोटीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष सुटलेला पैसा यांतील अंतर मिटवावे, सरकारची रोकड एका खात्यात आणावी आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप वर्षानुवर्षे पडून न राहता निकाली निघावेत. एवढे झाल्यावर मोकळीक सगळ्यांना एकदम देण्याचे कारण नाही. ज्या जिल्हा परिषदेच्या किंवा रुग्णालयाच्या हिशेबांवर सलग काही वर्षे गंभीर आक्षेप नाहीत, तिला आधी किरकोळ खरेदीचे, मग एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात पैसा वळवण्याचे, आणि त्यानंतर रिकामी पदे स्वतः भरण्याचे अधिकार द्यावेत, आणि ज्या वर्षी हिशेब बिघडतील त्या वर्षी ते परत घेण्याची तरतूद त्याच आदेशात लिहून ठेवावी.